न हटणारा कोरडा खोकला



वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, अर्थकारण, साहित्य, संगीत असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे येतात. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. खोकला, आणि तोही कोरडा. बेडका पडत नाही, ताप नाही, माणूस हिंडतो-फिरतो, कामावर जातो, पण रात्री पाठ टेकली की ढास लागते, देवळात कीर्तनाला बसले की नेमकी उबळ येते, आणि घरातली माणसे म्हणू लागतात, “अहो, आता काहीतरी औषध घ्या!” मग कोपऱ्यावरच्या दुकानातून एक बाटली येते. ती संपते, दुसरी येते. महिना जातो, दोन महिने जातात. बाटल्या बदलतात, खोकला मात्र तोच राहतो.

हिंदी मुलखात एक म्हण आहे : रोगाचे घर खाँसी, आणि भांडणाचे घर हाँसी. म्हण ठसकेबाज आहे, पण तिचा पूर्वार्ध मला थोडा दुरुस्त करून घ्यावासा वाटतो. खोकला हा रोगाच्या दारावर बसलेला राखणदार आहे. तो ओरडतो, तेव्हा आत कोणीतरी शिरले आहे किंवा शिरू पाहत आहे, एवढे तो सांगतो. कोण शिरले आहे हे न पाहता राखणदाराचेच तोंड बांधून टाकणे हा शहाणपणा नव्हे; आणि बाटलीमागून बाटली पिताना आपण नेमके हेच करीत असतो. आपल्या जुन्या वैद्यांना याची जाण होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार केले आहेत. त्यात कोरडा वातज कास निराळा, आणि क्षयामुळे येणारा क्षयज कास निराळा. म्हणजे ‘खोकला आहे ना, मग हे घ्या’ असे तेही म्हणत नव्हते. आधी ‘कोणता?’ हा प्रश्न, आणि मग औषध. आजच्या सगळ्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

प्रथम खोकला म्हणजे काय, ते पाहू. घशापासून खाली श्वासनलिकेच्या शाखांपर्यंत आतल्या अस्तरात मज्जातंतूंची बारीक टोके पसरलेली असतात. धूळ, धूर, पाण्याचा थेंब, आंबट वाफ, सुजलेले अस्तर, यांपैकी कशानेही ती टोके चेतवली की निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचतो. तेथून उलट हुकूम सुटतो. आपण खोल श्वास घेतो, कंठातले दार गच्च मिटते, पोटाचे आणि फासळ्यांचे स्नायू जोराने आवळतात, आतला दाब वाढतो, आणि मग दार एकदम उघडून हवा प्रचंड वेगाने बाहेर पडते. हा सारा व्यवहार एका क्षणाचा आहे. ही सोय नसती, तर अन्नाचा कण फुफ्फुसात जाऊन माणूस दगावला असता. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर रोग्याला “खोका, जोराने खोका” असे सांगतात, ते उगीच नव्हे.

हे निरोप वाहून नेणारी व्हेगस नावाची मज्जातंतूची एक लांब दोरी आहे. ती मेंदूतून निघते, मानेतून छातीत उतरते आणि थेट पोटापर्यंत जाते. वाटेत तिचे फाटे कंठाला, श्वासनलिकेला, अन्ननलिकेला मिळतात. एक बारीक फाटा तर कानाच्या नळीलाही मिळतो. म्हणूनच कानात काडी घातली की काहींना ठसका लागतो, आणि कानात साचलेला मळ काढल्यावर अनेक दिवसांचा खोकला थांबल्याची उदाहरणे वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदलेली आहेत. तात्पर्य, खोकला छातीत ऐकू येत असला तरी त्याचे मूळ छातीतच असेल असे नाही. नाक, पोट, कान, इतकेच काय, औषधांचा डबा, येथेही ते असू शकते.

आता दिवस मोजू. प्रौढ माणसाचा खोकला तीन आठवड्यांच्या आतला असेल तर तो अल्प मुदतीचा, आठ आठवड्यांपलीकडे गेला तर तो जुनाट, आणि मधला तो मधला, असा हिशेब जगभर मानला जातो. मुलांच्या बाबतीत चार आठवड्यांनंतरच जुनाट म्हणतात. पडसे-तापानंतर येणारा साधा खोकला बहुधा आपोआप जातो, पण तो आपल्या अपेक्षेपेक्षा बराच रेंगाळतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा पडताळा घेतला होता. खोकला किती दिवस राहील असे वाटते, असे लोकांना विचारले, तेव्हा त्यांनी सात ते नऊ दिवस सांगितले. प्रत्यक्षात तो सरासरी अठरा दिवस राहतो असे दिसले. या तफावतीमुळे एक मोठा घोटाळा होतो. आठव्या दिवशी माणूस अधीर होतो आणि जंतुनाशक गोळ्या मागतो. साधे पडसे विषाणूंचे असते, आणि त्या गोळ्या विषाणूंना मारीत नाहीत. पण खोकला पुढे आठ-दहा दिवसांत आपल्या पायांनी निघून जातो, आणि श्रेय मात्र गोळ्यांना मिळते. पुढच्या वेळी तीच गोळी पुन्हा आणली जाते, आणि खऱ्या गरजेच्या वेळी ती लागू पडेनाशी होते.

उबळीवर उबळ येऊन शेवटी उलटी होत असेल, तर डांग्या खोकल्याची आठवण ठेवावी. १९०६ साली बोर्दे आणि झांगू या दोघा शास्त्रज्ञांनी त्याचा जंतू वेगळा काढला. लहानपणी टोचलेल्या लशीचा जोर वर्षांनुवर्षे टिकत नाही. म्हणून मोठ्यांनाही तो होतो, आणि मोठ्यांत तो ‘हूप’ असा आवाज न करता नुसत्या हट्टी कोरड्या खोकल्याच्या रूपाने वावरतो. आजोबांना तो केवळ त्रास देतो. पण त्यांच्या मांडीवरच्या दोन महिन्यांच्या नातवाच्या जिवावर बेतू शकतो.

यानंतर जो विषय येतो, त्यासाठी मी आपले विशेष लक्ष मागतो. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकलेला खोकला, मग तो कोरडा असो की ओला, क्षयासाठी तपासून घ्यावा, असा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. आपण म्हणाल, “आत्ताच तर आपण सांगितलेत की साधा खोकलाही अठरा दिवस राहतो, मग पंधराव्या दिवशी घाबरायचे काय?” घाबरायचे मुळीच नाही, तपासायचे. अशा खोकल्यांपैकी बहुतेक साधेच निघतील. पण जो एखादा निघणार नाही, तो ओळखायला उशीर झाला तर तेवढे दिवस घरातली मुले, म्हाताऱी माणसे, शेजारी त्याच श्वासात राहतात. क्षयाचा आरंभ कोरड्या खोकल्याने होऊ शकतो. ‘बेडका नाही, म्हणजे क्षय नाही’ ही समजूत चुकीची आहे.

रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. तरीही साठ-एक वर्षे त्यावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी एवढाच आधार होता. मिरजकरांना हे वेगळे सांगायला नको. जवळच वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते, आणि तेथे दूरदूरची माणसे आशेने येऊन राहत. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला आणि चित्र पालटले. आज साध्या क्षयाला सहा महिन्यांचा औषधोपचार पुरतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे दोन्ही विनामूल्य मिळतात. रोग्याच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ती रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

म्हणजे रोग ओळखण्याची सोय आहे, औषध आहे, पैशाची थोडी तरतूद आहे. मग अडते कोठे? अडते ते लाजेपाशी. “मुलीचे लग्न ठरायचे आहे, आत्ता थुंकी तपासली आणि काही निघाले तर?” हा प्रश्न चांगल्या सुशिक्षित घरांतही विचारला जातो. त्याला माझे उत्तर असे की, तपासणीने क्षय होत नाही. तो असेल तर आधीच आहे. तपासल्याने तो बरा होण्याचा रस्ता मोकळा होतो, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर दुसऱ्याला तो देण्याची शक्तीही झपाट्याने कमी होते. लपवला तर मात्र तो मुलीलाही सोडत नाही आणि तिच्या धाकट्या भावालाही सोडत नाही. एक व्यवहाराची सूचना करतो : कोरड्या खोकल्यात बेडका सहज मिळत नाही. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून जोराने खोकून जे पडेल ते द्यावे. तोंडातली लाळ देऊन उपयोग नाही. तेवढ्यानेही न मिळाल्यास क्ष-किरण छायाचित्र आहेच.

आता समजा, थुंकीत काही नाही, छातीचे छायाचित्र स्वच्छ आहे, माणूस विडी-सिगारेट ओढत नाही; आणि तरीही तीन महिने खोकला चालू आहे. येथे बहुतेक लोक निराश होतात. “सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मग खोकला का?” वास्तविक येथून पुढे शोध सोपा होतो, कारण अशा खोकल्याची नेहमी सापडणारी कारणे तीन आहेत, आणि ती तिन्ही थोड्या चौकशीने हाती लागतात.

पहिले कारण नाकात असते. नाकातला स्राव पुढून न येता मागच्या बाजूने घशात उतरतो. असा माणूस सारखा खाकरतो. घशात काही चिकटले आहे असे त्याला वाटते. सकाळी शिंकांची माळ लागते. त्याला खोकल्याच्या बाटलीने गुण येत नाही. नाकाची सूज उतरवणारा फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि धुळीपासून सांभाळणे, यांनी येतो. नाक धुण्याचे पाणी मात्र उकळून गार केलेले असावे.

दुसरे कारण दमा. दमा म्हटले की धाप आणि छातीतली शिट्टी एवढेच आपल्याला आठवते. पण शिट्टी नाही, धाप नाही, नुसता कोरडा खोकला, असाही एक दमा असतो. तो बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उठवतो. जिना चढताना, हसताना, थंड वाऱ्यात, फोडणीच्या ठसक्याने उसळतो. घरात कोणाला दमा, इसब किंवा शिंकांचा त्रास असेल तर संशय बळावतो. नळीत फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारी तपासणी येथे उपयोगी पडते. यावर श्वासातून घ्यायचे औषध, ज्याला लोक ‘पंप’ म्हणतात, ते उत्तम लागू पडते. परंतु पंपाचे नाव काढले की घरात सुतक आल्यासारखे चेहरे होतात. “एकदा पंप लागला की सुटत नाही,” असे सांगितले जाते. पंपाचे व्यसन लागत नाही. गोळीतून तेच औषध मिलिग्रॅममध्ये साऱ्या शरीरभर जाते. पंपातून ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या मापाने, थेट श्वासनलिकेत पोहोचते. ज्याची भीती वाटते तेच अधिक सौम्य आहे. औषध ओढल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही.

तिसरे कारण पोटात. जठरातले आम्ल अन्ननलिकेतून वर चढते आणि व्हेगसच्या दोरीला धक्का देते. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवे झाल्यावर हा खोकला वाढतो. काहींना छातीत जळजळ होते, काहींना मुळीच होत नाही. रात्री दहाला भरपेट जेवून साडेदहाला अंथरुणावर पडणे, ही आपल्या शहरी जीवनाची रीत या खोकल्याला फारच मानवते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करावी, वाढलेले वजन उतरवावे. जळजळ असेल तर आम्ल कमी करणारी औषधे उपयोगी पडतात. जळजळ नसताना नुसत्या खोकल्यासाठी ती महिनोन्महिने घेण्यात फारसा अर्थ नाही.

यापुढचे कारण ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. ते औषधाच्या डब्यात असते. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम खाली येतो. त्या विषाचा अभ्यास करता करता शास्त्रज्ञांना रक्तदाबावर एक औषध सुचले, आणि १९८१ साली कॅप्टोप्रिल या नावाने ते अमेरिकेत मान्य झाले. पुढे त्याच कुळातली एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे आली. ती उत्तम औषधे आहेत. त्यांनी हृदयरोग्यांचे आयुष्य वाढवले आहे. पण ही औषधे शरीरातला ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साचू देतात, आणि त्यामुळे काही लोकांना घशात खवखव होऊन कोरडा खोकला लागतो. तो पहिल्या आठवड्यात लागेल, किंवा काही महिन्यांनीही लागेल. त्यामुळे गोळीचा आणि खोकल्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि रक्तदाबाची गोळी एका खिशात, खोकल्याची बाटली दुसऱ्या खिशात, असा संसार वर्षभर चालतो. घरी गेल्यावर गोळीचे वेष्टन पाहा. घटकाच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा असेल आणि खोकला असेल, तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. तिच्याऐवजी दुसऱ्या कुळातली गोळी देता येते. ती बदलल्यावर खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही घेतो.

हवेचाही विचार केला पाहिजे. विडी आणि सिगारेट यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. पण चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईची छाती विडी ओढणाऱ्या पुरुषाइतकीच काळवंडलेली असू शकते, हे आपण विसरतो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोहोचवला. तरी अंघोळीचे पाणी अजून कित्येक घरी लाकडावरच तापते. मिसरी भाजण्याचा धूर, डासांची अगरबत्ती, बंद खोलीतला धूप, यांचीही नोंद घ्यावी. शेजारच्या सांगलीत हळदीची मोठी पेठ आहे. हळद-मिरची कांडणारे, गिरणीत कापूस हाताळणारे, खडी फोडणारे यांनी खोकल्याबरोबर आपला धंदाही डॉक्टरांना सांगितला पाहिजे. खडीच्या धुळीने फुफ्फुसाला पडलेले वण भरून येत नाहीत. खिडकीवर कबुतरे पोसणाऱ्यांनाही एक इशारा देऊन ठेवतो. त्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या भुकटीने काही जणांच्या फुफ्फुसांना सूज येते, आणि कोरडा खोकला व हळूहळू वाढणारी धाप ही तिची लक्षणे असतात.

खास आपल्या देशाशी निगडित असे आणखी एक कारण सांगतो. हत्तीरोगाचे जंत डासांमार्फत शरीरात येतात. काही माणसांत पाय सुजत नाही, पण त्या जंतांविरुद्ध फुफ्फुसे बंड करून उठतात, आणि रात्री कोरड्या खोकल्याच्या भयंकर उबळी येतात. भारतातील अशा रोग्यांचे वर्णन १९४३ साली वाइनगार्टन या डॉक्टरने केले. दम्यासारखा दिसणारा हा रोग रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी मोजल्यावर ओळखू येतो, आणि त्यावरचे औषध स्वस्त व गुणकारी आहे. हत्तीरोगाच्या भागात राहून आलेल्या माणसाने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

आता त्या बाटलीकडे वळू. खोकला दाबणाऱ्या औषधांचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून जे बाजारात आणले, त्याचे नाव होते हेरॉइन. त्याचे व्यसन किती भयंकर आहे ते जगाला नंतर समजले. अफूच्याच कुळातले कोडीन अजूनही काही औषधांत असते, आणि त्या बाटल्यांची नशा करणारी तरुण मुले आपल्या देशात आहेत.

याहून भयंकर गोष्ट विषारी भेसळीची. पातळ औषध गोड आणि दाट करण्यासाठी जे द्रव वापरतात, त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातले रसायन मिसळले गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. १९३७ साली अमेरिकेत अशाच एका पातळ औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा कडक कायदा झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरिनमुळे चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात, आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात, लहान मुले खोकल्याच्या औषधाने मेली. छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. ती मुले काही दुर्धर रोगाने आजारी नव्हती. त्यांना पडसे-खोकला झाला होता, आणि तो बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप गेला असता. औषध न देता थांबलेली आई निष्काळजी ठरते आणि बाटली आणणारी मायाळू ठरते, ही आपली समजूत किती महाग पडते, याचा विचार प्रत्येक घराने करावा. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य खात्याने सूचना काढली : दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-पडशाची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

“मग द्यायचे तरी काय?” असे माताभगिनी विचारतील. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध रात्री द्यावा. त्याने खोकला थोडा शमतो, असे प्रयोगांतही दिसले आहे. वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये. त्यातील एका जंतूमुळे अर्भकाला अर्धांगासारखा घातक रोग होऊ शकतो. कोमट पाणी, साधा वाफारलेला वरण-भात, अंगावर पांघरूण, आणि धीर, हे औषधच समजावे. वाफ देताना उकळत्या पातेल्याने मुले भाजतात, तेव्हा तो प्रयोग मुलांवर करू नये. आणि खेळता खेळता मुलाला एकदम ठसका लागून पुढे खोकला हटत नसेल, तर शेंगदाणा, हरभरा किंवा मणी श्वासनलिकेत अडकला असेल, असा संशय धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आपल्या परसातला अडुळसा काही कमी नाही. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध तयार झाले. पण त्याचे काम घट्ट कफ पातळ करणे हे आहे. जेथे कफच नाही, तेथे त्याने काय करावे? गर्भवती स्त्रियांनी तर तो टाळावाच. ज्येष्ठमध चघळल्याने घशाला बरे वाटते. परंतु रोज आणि पुष्कळ घेतला तर तो रक्तदाब वाढवतो. घरगुती वस्तूही औषधच असते, आणि औषधाला मात्रा असते.

सर्व तपासण्या झाल्या, कारणे धुंडाळली, आणि तरीही खोकला राहिला, असे काही रोगी असतात. घरात एकदा चोर येऊन गेला की कुत्रे पुढे महिनाभर पोस्टमनवरही भुंकते. तसेच काही माणसांच्या मज्जातंतूंचे होते. मूळ आजार गेलेला असतो, पण अत्तराचा वास, गार हवा, चार वाक्ये मोठ्याने बोलणे, एवढ्यानेही ढास लागते. अशांना ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून हिणवू नये. उबळ येते आहे असे वाटताच घोटभर पाणी गिळणे, तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घेणे, खाकरण्याऐवजी आवंढा गिळणे, अशी सवय काही आठवडे नेटाने केली तर कुत्रे हळूहळू शांत होते. आवाजाचे आणि वाचेचे उपचार करणारे तज्ज्ञ हे शिकवतात.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर दिवस मोजत बसू नये. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कारणावाचून उतरलेले वजन, वाढती धाप, छातीत दुखणे, तीन आठवडे बसलेला आवाज, घास-पाणी गिळताना लागणारा ठसका, पायांवर सूज आणि पाठ टेकली की वाढणारा खोकला, आणि वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याच्या नेहमीच्या खोकल्याचा बदललेला सूर. अशा वेळी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

एरवी डॉक्टरकडे जाताना एक कागद बरोबर न्यावा. त्यावर पाच ओळी लिहाव्यात : खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला, दिवसा-रात्री केव्हा वाढतो, जेवण, धूळ, थंडी, बोलणे यांपैकी कशाने उसळतो, कोणकोणती औषधे चालू आहेत, रक्तदाबाची धरून, आणि धंदा कोणता, घरात धूर कशाचा, क्षय कोणाला झाला होता का. या पाच ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि त्यांतून अर्धे निदान हाती येते. डॉक्टरांना घाई असली तरी कागद पुढे ठेवावा. चांगला डॉक्टर तो वाचतोच.

सभागृहात मधूनमधून दोन-तीन ठिकाणी खोकल्याचा आवाज येत होता. ज्यांचा तो असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर दिनदर्शिका काढून दिवस मोजावेत, आणि पंधरा भरले असतील तर उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.